मध्यस्थाच्या खुर्चीत बसणाऱ्या न्यायाधीशासाठी

एका तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या दिवाणी न्यायाधीशांनी (कनिष्ठ स्तर) विचारलं आहे: "मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण झालं. वर्षभरात पंचवीसेक प्रकरणं हाताळली, मिटली चार. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पक्षकार न्यायाधीशाचं ऐकतात, जरा दटावत जा. दुसरे म्हणतात, तुम्ही मत दिलंत की मध्यस्थी संपली. पुढच्या आठवड्यात दोन चुलतभावांचा सामाईक विहिरीचा दावा माझ्यासमोर आहे. न्यायाधीशाने नेमकं काय शिकायला हवं?"

तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांचा सल्ला मी एकेकाळी पाळला आहे, म्हणून आधी त्याचं काय झालं ते सांगतो.

नोकरीला सहा वर्षं झाली होती. लोक अदालतीच्या पॅनेलवर बसलो होतो. समोर दोन सख्खे भाऊ, मधला बांध आणि बांधावरची चार आंब्याची झाडं. थोरला बोलायला लागला की धाकटा मध्येच तोंड घालायचा. त्या दिवशी बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं होती. मी दोघांना गप्प केलं आणि म्हणालो, "दोन-दोन झाडं वाटून घ्या, बांध आहे तिथेच राहू द्या आणि घरी जा." दोघांनी माना डोलावल्या. वकिलांनी तडजोड पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, लिहिली, सह्या-अंगठे झाले, वीस मिनिटांत सगळं उरकलं. पुढच्या आंब्याच्या हंगामात त्याच प्रकरणाची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, आली. कोणती दोन झाडं कोणाची, हे पुरसिशीत लिहिलंच नव्हतं. शिवाय एक गोष्ट मी विचारलीच नव्हती. त्यातलं एक झाड त्यांच्या आईने लावलेलं होतं. आई धाकट्याकडे राहायची आणि त्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं दरवर्षी दोन्ही सुनांना द्यायची. थोरल्याने ते झाड आपल्या वाट्याचं म्हणून तिला कैऱ्या उतरवू दिल्या नाहीत. भांडण होतं त्यापेक्षा वाढलं होतं, आणि ते माझ्या सहीने वाढलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्टेट ऑफ पंजाब विरुद्ध जालौर सिंग या प्रकरणात हेच सांगितलं. मोटार अपघाताच्या भरपाईचं प्रकरण होतं आणि लोक अदालतीने आपल्या मनानेच रक्कम वाढवून दिली होती. न्यायालय म्हणालं की लोक अदालतीला न्यायनिर्णय करण्याचा अधिकार नाही; पक्षकारांत तडजोड झाली असेल तरच निवाडा होऊ शकतो. तो निकाल वाचला तेव्हा मला ती चार झाडं आठवली. मीही तडजोडीच्या कागदावर निकालच लिहिला होता, तोही पुरावा न घेता.

माझ्या मते न्यायाधीशाला मध्यस्थीत सर्वांत जड जातं ते मनातला निकाल थांबवणं. वाद ऐकून कोण खरं, कोण खोटं हे ओळखायचं, हीच आपली नोकरी. दावा आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) वाचता वाचता मत बनायला लागतं. पक्षकार भरकटला की आपण त्याला मुद्द्यावर आणतो. साक्षीदार लांबण लावायला लागला की "विचारलंय तेवढंच सांगा" म्हणतो. या सवयी न्यायासनावर उपयोगी आहेत आणि मध्यस्थीच्या टेबलावर त्याच आड येतात. वकील मध्यस्थाला ही अडचण थोडी कमी असते, कारण त्याने आयुष्यभर एक बाजू धरून वाटाघाटी केलेल्या असतात. आपण वाटाघाट कधी केलेलीच नसते. लोक आपल्यासमोर वाटाघाट करून आलेले असतात, आपण ती फक्त नोंदवतो. त्यामुळे प्रशिक्षणात चांगले गुण मिळवलेला न्यायाधीशही पहिली काही वर्षं चाचपडतो. तुम्ही चाचपडताहात म्हणून खचून जाऊ नका.

मत बनतंच, ते बनू न देणं माणसाला शक्य नाही. मी एक सवय लावून घेतली. कागद वाचून झाले की मला काय योग्य वाटतं ते एका चिठोऱ्यावर दोन ओळीत लिहायचं आणि बैठकीला जाण्याआधी फाडून टाकायचं. लिहिल्यामुळे आपलं मत आपल्याला दिसतं. ते दिसलं नाही तर प्रश्न विचारताना, मान हलवताना, एकाला "बरं" आणि दुसऱ्याला "अस्सं?" म्हणताना ते बाहेर पडतं. पक्षकार आपल्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असतात. गेली दहा वर्षं तारखेला येऊन त्यांना न्यायाधीशाचा चेहरा वाचायची सवय झालेली असते.

आता ऐकण्याबद्दल. हे कौशल्य म्हणून शिकवलं जातं, पण ते किती कष्टाचं आहे ते कोणी सांगत नाही. एक प्रकरण सांगतो. वादी-प्रतिवादी चुलते-पुतणे, दावा वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा केल्याबद्दल मनाईहुकमाचा, सहा वर्षं जुना. कागदावर वाद आठ फुटांच्या पट्टीचा. एकत्र बैठकीत दोन्ही बाजू नकाशावरच बोलत राहिल्या. मग पुतण्याला स्वतंत्र बैठकीत घेतलं आणि फक्त विचारलं, "हा रस्ता आधी बंद नव्हता ना? मग कधीपासून बिनसलं?" तो बराच वेळ गप्प बसला. मीही बसलो. मग म्हणाला, "साहेब, त्यांच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत आमच्या वडिलांचं नाव घातलं नाही. सगळ्या भावांची नावं होती, आमच्या वडलांचं नव्हतं. ते त्याच साली वारले." दावा, कैफियत, शपथपत्रं, कमिशनरचा अहवाल, कशातही लग्नपत्रिका नव्हती. असायचं कारणही नव्हतं. मुद्दे काढताना, म्हणजे निर्णयासाठी वादाचे प्रश्न ठरवताना, मीसुद्धा ती असंबद्ध म्हणून बाजूला ठेवली असती.

ही गोष्ट चुलत्यांना सांगू का, असं मी त्याला विचारलं. तो आधी नको म्हणाला, मग हो म्हणाला, पण आपल्यासमोर सांगू नका म्हणाला. चुलत्यांना सांगितल्यावर ते म्हातारे गृहस्थ वकिलांकडे न बघता खिडकीकडे बघत राहिले. पत्रिका त्यांच्या मेहुण्याने छापून आणली होती. पुढच्या तारखेला रस्त्याची रुंदी ठरायला अर्धा तासही लागला नाही. मी त्यात फक्त गप्प बसलो आणि एक परवानगी मागितली.

ते गप्प बसणं शिकावं लागतं. कोर्टात शांतता पडली की आपण "पुढे?" म्हणतो, कारण बोर्ड पुढे सरकायचं असतं. मध्यस्थीत माणूस थांबला, तर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेकदा चौदा-पंधराला तो पुन्हा बोलतो आणि तेव्हा बोलतो तेच कामाचं असतं.

प्रश्न विचारण्यात आपण पटाईत आहोत असं आपल्याला वाटतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ ने न्यायाधीशाला कोणालाही, कधीही, कसाही प्रश्न विचारायचा अधिकार दिला होता आणि नव्या कायद्यातही तो आहे. पण आपले प्रश्न हो किंवा नाही मध्ये उत्तर मागणारे असतात. "तुम्ही पाइप तोडला की नाही?" असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. त्याऐवजी "त्या दिवशी विहिरीवर काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा," एवढंच म्हणा. "का" ने सुरू होणारे प्रश्नही जपून वापरा, "तुम्ही असं का केलंत?" हे न्यायाधीशाच्या तोंडून आलं की आरोपासारखं लागतं. शक्यतो "कसं", "कधी", "पुढे काय व्हावं असं वाटतं" यांवर भर द्या.

दुसरी गोष्ट, ऐकलेलं परत सांगणं. माणूस म्हणतो, "हा चोर आहे साहेब, रात्री अपरात्री मोटार चालवून सगळं पाणी खेचतो." तुम्ही म्हणा, "रात्रीच्या विजेच्या पाळीत मोटार कोणी किती तास चालवायची, हे तुमच्यात कधी ठरलं नाही आणि त्यामुळे तुमचं पीक वाळतं, असं तुमचं म्हणणं. बरोबर?" चोर हा शब्द गेला, वाळणारं पीक राहिलं. समोरचा चुलतभाऊही ते ऐकतो आणि त्याला पहिल्यांदा उत्तर देता येतं, कारण चोर म्हटल्यावर त्याला फक्त शिवी देता येत होती. मात्र यात एक धोका आहे. आपण न्यायाधीश शब्द इतके सफाईने बदलतो की माणसाचा राग धुऊन निघतो आणि त्याला वाटतं, साहेबांनी माझं बोलणं गुळगुळीत करून टाकलं. म्हणून शेवटचं "बरोबर?" विसरू नका आणि तो "नाही, तसं नाही" म्हणाला तर पुन्हा ऐका.

भाषेचंही तेच. बदली होऊन तुम्ही कोकणातून खानदेशात गेलात, तर तिथल्या माणसाचं बोलणं तुम्हाला पुरतं कळायला वर्ष लागतं. साक्ष नोंदवताना आपण त्याचं प्रमाण मराठी करून टाकतो. मध्यस्थीत करू नका. "बांध कोरला" म्हणजे नांगरताना दर वर्षी वीतभर खाल्ला. यात जमिनीबरोबर विश्वासघात असतो आणि तो "अतिक्रमण" या शब्दात येत नाही. माणूस जो शब्द वापरतो तोच वापरा, अर्थ कळला नाही तर विचारा. न्यायाधीश आपल्याला शब्दाचा अर्थ विचारतो आहे याचं माणसाला केवढं समाधान वाटतं, ते तुम्ही स्वतः बघाल.

गुप्ततेबद्दल मी कठोर आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सांगितलं की मध्यस्थी यशस्वी झाली तर फक्त करारनामा न्यायालयाला पाठवावा आणि नाही झाली तर "मध्यस्थी यशस्वी झाली नाही" एवढंच एक वाक्य लिहावं. कोणी काय प्रस्ताव दिला, कोण अडून बसलं, यातलं काहीही नाही. कागदावर हे सगळेच पाळतात. तुम्हाला धोका आहे तो दुपारच्या चहाचा. ज्या न्यायाधीशांनी प्रकरण तुमच्याकडे पाठवलं ते तुमच्याच टेबलावर जेवायला बसतात. ते सहज विचारतात, "काय हो, त्या विहिरीचं काय झालं? प्रतिवादीच हट्टी आहे ना?" तुम्ही नुसतं हसलात तरी उत्तर गेलं. मी सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचो की मध्यस्थीच्या प्रकरणांबद्दल मला विचारू नका, मी वाईट वाटून घेईन. थोडे दिवस त्यांना विचित्र वाटलं, मग सवय झाली. स्वतंत्र बैठकीत घेतलेल्या टिपणांचंही तेच, प्रकरण संपलं की ती नष्ट करा.

याला जोडूनच: जो दावा तुम्हाला पुढे चालवायचा आहे त्यात स्वतः तडजोड करायला बसू नका. अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की या २०१० च्या निकालात न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी हे स्पष्ट केलं आहे. प्रकरण चालवणाऱ्या न्यायाधीशाने तडजोडीचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर पक्षपाताची शंका येऊ नये म्हणून त्याने ते पुढे चालवू नये. ज्याच्याकडे आपण पाचशे रुपयांपासून पाच लाखांपर्यंतचे प्रस्ताव बोलून बसलो, तोच उद्या निकाल लिहिणार आहे, हे कळल्यावर कुठला पक्षकार मोकळेपणाने बोलेल?

तो निकाल मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने शांतपणे वाचावा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झालं, पण त्यात मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्या अदलाबदल होऊन छापल्या गेल्या आहेत, हे या निकालाने दाखवून दिलं. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं आहे ते प्रकरण कधी पाठवायचं याबद्दलचं मार्गदर्शन. सर्वसाधारण दाव्यात कैफियत आल्यावर, मुद्दे काढण्याआधी. कौटुंबिक वादात मात्र समन्स बजावल्याबरोबर, कैफियत येण्याआधी. कारण नवऱ्याने बायकोच्या चारित्र्याबद्दल आणि बायकोने सासूच्या वागण्याबद्दल एकदा शपथेवर लिहून दिलं, की ते कागद घरच्या घरी वाचले जातात. मग मध्यस्थाला नवरा-बायकोंमधला वाद सोडवायचा नसतो, त्या कागदांतला सोडवायचा असतो. तुम्ही मध्यस्थ आहात तसेच प्रकरणं पाठवणारेही आहात. प्रकरण ओळखणं आणि वेळेवर पाठवणं हे तुमचं अर्धं कौशल्य आहे. बनावट दस्तऐवजाचा गंभीर आरोप, प्रातिनिधिक दावा (अनेकांच्या वतीने काहींनी लढवलेला), निवडणुकीचा वाद यांसारखी प्रकरणं मध्यस्थीला योग्य नाहीत. शेजारी, भाऊबंद, भागीदार, घरमालक-भाडेकरू, म्हणजे दाव्यानंतरही ज्यांना एकमेकांची तोंडं बघायची आहेत, त्यांची अवश्य पाठवा. आणि पाठवताना "मध्यस्थीत जा" एवढंच रोजनाम्यावर लिहू नका. दोन मिनिटं काढून पक्षकारांशी बोला, काय होणार, खर्च किती, वकील बरोबर येतील का, नाही पटलं तर दावा इथेच परत येईल, हे त्यांच्या भाषेत सांगा. तुमच्या पंचवीसपैकी किती जण "साहेबांनी पाठवलं म्हणून आलो" असं म्हणत आले होते, ते आठवून बघा.

आता तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा मुद्दा, मत देण्याचा. ते बरोबर आहेत, पण याचा अर्थ मध्यस्थाने पक्षकाराला वास्तव दाखवायचंच नाही असा होत नाही. प्रशिक्षणात तुम्हाला बाटना, वाटना, म्लाटना शिकवलं असेल: तडजोड झाली नाही तर सर्वांत चांगलं काय होईल, सर्वांत वाईट काय होईल आणि बहुधा काय होईल. न्यायाधीशाची अडचण अशी की तो "तुमची केस कमजोर आहे" म्हणाला, की तो पक्षकाराला निकालच वाटतो, आणि समोरच्याला कळलं की तोही ताठ होतो. तेव्हा केसबद्दल बोलूच नका, केसनंतरच्या दिवसाबद्दल विचारा. माझा नेहमीचा प्रश्न असा: "समजा निकाल पूर्ण तुमच्या बाजूने लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर काय होईल?" एक शेतकरी क्षणभर थांबून म्हणाला होता, "मी मोटार चालू करायला जाईन आणि तो काठी घेऊन उभा असेल." मग त्याच्याबरोबर पुढचं मोजायचं. अपील, दुसरं अपील, दरखास्त, बेलीफ, पोलिस बंदोबस्त, तोपर्यंत किती उन्हाळे, तुमचं वय, मुलगा शेती करणार की पुण्यात नोकरी. आकडे त्याच्याच तोंडून येऊ द्या. त्याने स्वतः मोजलेल्या वर्षांना तो विसरत नाही.

इथे एक गोष्ट मी जरा सविस्तर लिहितो, कारण ती मला फार टोचते. वाटपाच्या दाव्यात बहिणी पक्षकार असतात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायिक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क, दिला, केंद्राने २००५ साली दिला आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो जन्माने आहे हे पक्कं झालं. तरी मध्यस्थीच्या टेबलावर काय होतं? भाऊ म्हणतो, "ताईला काही नकोय, ती हक्कसोड करून देणार आहे." ताई मान खाली घालून "हो" म्हणते. वीस मिनिटांत प्रकरण मिटतं, आकडा एकाने वाढतो. असं "हो" मी कधीच एकत्र बैठकीत स्वीकारलं नाही. ताईला तिच्या वकिलांसह स्वतंत्र बसवायचं, नवरा आणि भाऊ दोघेही बाहेर. मग विचारायचं की तुम्हाला किती हिस्सा मिळू शकतो हे माहीत आहे का, हे सोडलं तर तुम्हाला काय मिळणार आहे, नाही सोडलं तर माहेरी काय होईल असं वाटतं. काही बायका सगळं समजून-उमजून सोडतात. तो त्यांचा निर्णय, मी त्यात पडत नाही. पण एका बाईंनी मला सांगितलं होतं, "साहेब, मला जमीन नको, पण दिवाळीला माहेरी जायला घर पाहिजे. आई गेल्यापासून मला कोणी बोलावत नाही." शेवटी तिच्या नावे जुन्या वाड्यातली एक खोली तहहयात राहिली आणि थोडी रक्कमही मिळाली. कोर्टाच्या कोणत्याही हुकूमनाम्याने तिला हे असं मिळालं नसतं, आणि तिला एकटीला विचारलं नसतं तर तडजोडीनेही मिळालं नसतं. तटस्थ राहायचं म्हणजे दुबळ्या बाजूच्या गप्प बसण्याला संमती समजायचं नाही. घरात मारहाण झाली असेल तिथे तर दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवण्याआधी दहादा विचार करा.

वकिलांना शत्रू समजू नका. न्यायाधीश मध्यस्थ बऱ्याचदा वकिलांना मागच्या बाकावर बसवून थेट पक्षकाराशी बोलतो. वकिलाला वाटतं आपला मान गेला, आणि पक्षकार घरी गेल्यावर पहिला फोन त्यालाच करतो. त्यांना टेबलावर बसवा, त्यांच्या पक्षकारासमोर त्यांच्या तयारीचं खरं असेल तेवढं कौतुक करा, आणि तोडगा कुठे अडतोय हे त्यांनाच विचारा. तालुक्याचे जुने वकील दोन्ही घराण्यांच्या तीन पिढ्या ओळखतात. अनेकदा किल्ली त्यांच्याच खिशात असते.

मग शेवटचा टप्पा, लिखाण. यात न्यायाधीश सर्वांपेक्षा सरस असायला हवा, कारण अंमलबजावणीत कागद कुठे फाटतो हे आपण रोज बघतो. तरीही मिटल्याच्या आनंदात आपण ढिले पडतो. "दोन्ही पक्षांनी सामंजस्याने पाणी वापरावे" हे वाक्य म्हणजे पुढच्या दरखास्तीचं निमंत्रण. गट नंबर, चतुःसीमा, नकाशा जोडलेला आणि त्यावर दोघांच्या सह्या, कोणी काय कधीपर्यंत करायचं, नाही केलं तर काय. मोजणी आणायची असेल तर अर्ज कोण करणार आणि फी कोण भरणार तेही. शेतजमिनीचे तुकडे पाडताना तुकडेबंदी कायद्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडा किमान केवढा हवा ते, बघा, नाहीतर तलाठ्याकडे फेरफार अडेल आणि पक्षकार तुम्हाला दोष देतील. दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत आली, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) ची सूट मिळत नाही, तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. हे मी अनुभवी वकिलांनाही विसरताना पाहिलं आहे. अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या वतीने तडजोड असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम ७ खाली न्यायालयाची परवानगी आधी. सह्या घेण्यापूर्वी सगळा मसुदा मोठ्याने वाचून दाखवा आणि मग दोन्ही पक्षकारांना विचारा, "आता उद्यापासून तुम्ही काय करणार, ते मला तुमच्या शब्दांत सांगा." दोघांची उत्तरं वेगळी आली तर सही घेऊ नका.

चार मिटल्याबद्दल. निकाली प्रकरणांचे आकडे, युनिटं यांचं दडपण मी भोगलं आहे, त्यामुळे ते झटकून टाका असं मी म्हणणार नाही. पण मध्यस्थीत न मिटलेली प्रकरणं वाया गेली असं समजू नका. माझ्याकडे न मिटलेल्या काही दाव्यांत पक्षकारांनी पुढे वर्षभराने बाहेर बसून तडजोड केली आणि पुरसिस आणून दिली. वेळ द्यावा लागतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही १२० दिवस आणि दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवस अशी मुदत ठेवली आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही हे दोन तासांचं काम वाटलेलं नाही. दोन प्रकरणांत एखाद्या चांगल्या वकील मध्यस्थाबरोबर पक्षकारांच्या संमतीने सहमध्यस्थ म्हणून बसा. मी स्वतः सर्वांत जास्त शिकलो ते एका वकील बाईंच्या शेजारी मुकाट बसून.

आता तुमच्या विहिरीबद्दल. चुलतभाऊ आहेत, म्हणजे विहीर बहुधा आजोबांनी खणलेली असेल आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत सामाईक लिहिलेली असेल. पहिल्या बैठकीत हिश्श्यावर बोलू नका. विहीर कोणी, कधी खणली, तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं, त्यांचे वडील पाळ्या कशा लावायचे, हे दोघांनाही सांगायला लावा. वडिलांच्या काळातली पाळी त्यांना पाठ असते आणि ती सांगताना ते एकमेकांची चूक दुरुस्त करायला लागतात. तिथून पुढे त्यांना एकमेकांशी बोलू द्या, तुम्ही थांबा. मग वीज दिवसा कोणत्या वारी असते, रात्री कोणत्या वारी, कोणाचा ऊस आणि कोणाची ज्वारी, मोटार कोणाची, बिल कोणाच्या नावावर येतं, हे कागदावर मांडा. गरज वाटली तर दोघांच्या आणि दोन्ही वकिलांच्या संमतीने, जिल्हा न्यायाधीशांना कळवून, एकदा सगळे मिळून विहिरीवर जा. मी दोन प्रकरणांत असा गेलो आहे. तिथे पोचलात की सगळ्यात आधी स्टार्टरची पेटी कोणाच्या शेडमध्ये आहे आणि तिच्या कुलपाची किल्ली किती जणांकडे आहे, ते बघा.